शांतता मोर्चा आणि ९ नंबरची बस

परदेशात बसून आपल्या देशाची शेजाऱ्याशी दिलजमाई करून देण्याचा नाद मला साठीनंतर लागला. त्या वयात मधुमेहही लागतो. पण मधुमेहाला समिती लागत नाही, निवेदन लागत नाही आणि बॅनरवर कोणाचं नाव आधी यावरून रात्री उशिरापर्यंत भांडावं लागत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीसाठी लंडनला आलो, हॅरोत घर घेतलं, जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले आणि निवृत्त झालो. निवृत्त माणसाला इथे बागकाम, नातवंडं आणि समाजकार्य एवढेच धंदे उरतात. माझ्या बागेत पुदिन्याशिवाय काही जगत नाही, नातवंडं कॅनडात. राहिलं समाजकार्य. त्यातही गणेशोत्सव, दिवाळी अंक, मराठी शाळा ही खाती कर्तबगार माणसांनी आधीच अडवून ठेवलेली. दक्षिण आशियातली शांतता तेवढी मोकळी होती.

संधी आली मे २०२५ मध्ये. ७ ते १० मे या चार दिवसांत भारत-पाकिस्तान एकमेकांवर क्षेपणास्त्रं नि ड्रोन सोडत होते आणि इकडे हॅरो, वेम्बली, साउथॉलमध्ये लोकांचे फोन तापले होते. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला भारतीय म्हणवणारे सुमारे १८ लाख ६० हजार आणि पाकिस्तानी म्हणवणारे सुमारे १५ लाख ९० हजार. एरवी ही मंडळी एकाच दुकानातून बासमतीची पोती उचलतात, एकाच डॉक्टरच्या दारात खोकतात, एकाच सरकारला नावं ठेवतात. तिकडे गोळी सुटली की मात्र त्याच दुकानात कोथिंबीर निवडताना माना फिरवतात. २०२२ मध्ये भारत-पाकिस्तानचा क्रिकेट सामना झाला दुबईत आणि त्यानंतर टोळकी उतरली ती लेस्टरच्या रस्त्यांवर. घर सोडून हजारो मैल लांब आलो, पण भांडण सामानात घालून आणलं. त्याला वजनाची मर्यादा नाही.

मी त्या चार दिवसांत टीव्हीसमोरून हललो नाही. ८ मेच्या रात्री आपल्याकडच्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. आधी मला (खोटं कशाला बोलू) थोडं बरं वाटलं. मग आठवलं की माझे जुने सहकारी मूळचे कराचीचे. आम्ही दोघे एकाच खोलीत बसून हिशेब तपासायचो. माणुसकी म्हणून रात्रीच फोन केला आणि आवाज जड करून म्हणालो, "भाईसाब, बहोत बुरा हुआ. घरवाले सब ठीक है ना?"

ते घाबरले. त्यांनी लगेच कराचीला भावाला फोन लावला. भाऊ झोपेतून उठला, गच्चीवर गेला, खाली आला आणि म्हणाला, "बंदर जागेवर आहे. वीज गेली आहे, पण ती रोजच जाते."

सहकाऱ्यांनी हे मला कळवलं तेव्हा माझ्या घरच्या टीव्हीवर बंदर अजून जळतच होतं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "साहेब, आपण दोघांनी काहीतरी करायला हवं." त्यांना बहुधा 'बातम्या बघणं बंद करायला हवं' असं म्हणायचं असावं. मी त्याचा अर्थ 'समिती काढायला हवी' असा घेतला.

या गृहस्थांना मी कराचीसाहेब म्हणतो. पहिल्याच बैठकीत त्यांनी माझी फजिती केली. म्हणाले, "माझे अब्बा एनजेव्हीत शिकले. तुमच्याच माणसाची शाळा." मी मान डोलावली. अनोळखी विषयावर मान डोलावणं हा आमच्या पेशाचा भाग आहे. पण ते थांबेनात. शेवटी त्यांनीच सांगितलं: नारायण जगन्नाथ वैद्य नावाच्या मराठी माणसाने सिंधमध्ये शिक्षणाचं काम केलं, कराचीतली १८५५ ची सरकारी शाळा त्यांच्या नावाने आजही ओळखली जाते. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे त्यांचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच इलाख्याला सारा भरत होते. आजही कराचीत मराठी बोलणारी कुटुंबं आहेत आणि तिथे गणपती बसतो. मी वहीत सगळं उतरवून घेतलं आणि पुढच्या बैठकीत स्वतःचं संशोधन म्हणून वाचून दाखवलं. कराचीसाहेबांनी टाळ्याही वाजवल्या. माणूस सज्जन आहे.

समितीत दोन्हीकडची माणसं सारखी हवीत असं ठरलं. लाहोरचे एक डॉक्टरसाहेब होते. त्यांना प्रत्येक वाक्यात चूक दिसायची आणि दुर्दैवाने ती असायची. लुधियानाच्या एक बीबीजी होत्या. त्या डॉक्टरसाहेबांशी पंजाबीत इतक्या प्रेमाने भांडत की बाकीच्यांना वाटे, फाळणी यांच्यापुरती रद्द करून टाकावी. बडोद्याचे एक शहा होते, ते फक्त खर्चाबद्दल बोलत. आणि एक वयस्क बाई, आपा. त्या कोपऱ्यात बसून स्वेटर विणत. त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही, कारण त्या माझी भाषणं ऐकताना टाके मोजत असत.

मी सहनिमंत्रक झालो आणि पहिला ठराव मांडला: १४ ऑगस्टच्या संध्याकाळी शांतता मोर्चा. लंडनला जे साधतं ते जगात फार थोड्या ठिकाणी साधत असेल. भारताचं उच्चायुक्तालय ऑल्डविचला, पाकिस्तानचं नाइट्सब्रिजच्या लाउंड्स स्क्वेअरला. मध्ये अडीच मैलांचं अंतर, तेही सपाट, आणि वाटेत राजवाडा. ऑल्डविचच्या एका अंगाला लिंकन्स इन आणि दुसऱ्या अंगाला इनर टेंपल. पहिल्यात जिना बॅरिस्टर झाले, दुसऱ्यात गांधी. दोन्ही जागा चालत दहा मिनिटांवर. मी म्हणालो, "बघा, ज्यांच्या नावाने दोन देश ओळखले जातात ते एकाच गल्लीत वकिली शिकले." डॉक्टरसाहेब म्हणाले, "तभी तो मुकदमा अब तक चल रहा है."

स्फूर्तीसाठी मी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांची गोष्ट सांगितली. १९६२ साली हे दोन तरुण दिल्लीहून गांधींच्या समाधीपासून निघाले आणि अण्वस्त्रांविरुद्ध प्रचार करत, खिशात पैसा न ठेवता मॉस्को, पॅरिस, लंडन करत वॉशिंग्टनला पोहोचले. सुमारे आठ हजार मैलांची यात्रा, समुद्र सोडला तर पायी. वाटेतला पहिला परका देश पाकिस्तान. 'तिकडे कोण खायला घालणार' म्हणून सीमेवर त्यांना शिदोरी देऊ केली, तर अविश्वासाची पुरचुंडी नको म्हणून त्यांनी ती घेतली नाही. आणि पाकिस्तानात त्यांना जेवायला मिळालं. सतीश कुमार पुढे इंग्लंडातच, डेव्हनमध्ये स्थायिक झाले. मी ठणकावून विचारलं, "ते आठ हजार मैल चालले. आपल्याला अडीच मैल जड आहेत का?"

शहांनी विचारलं, "जेवण कुठे आहे?"

माझ्या चालण्याबद्दल मात्र मला खात्री होती. आमच्या जिल्ह्यातून माउलींची पालखी जाते, तेव्हा चालणं माझ्या रक्तातच आहे, असं मी सगळ्यांना सांगत असे. रक्तात साखरही आहे, हे सांगत नसे.

मग झेंड्याचा प्रश्न आला. दोन्ही देशांचे झेंडे नेले तर कुठला उजवीकडे, कुठला इंचभर वर, यावरून वाघा सीमेवरची कवायत आमच्या हॉलमध्येच सुरू झाली असती. मी सुचवलं, पांढरा झेंडा घेऊ. तिरंग्यात मधला पट्टा पांढरा आहे, त्यांच्या झेंड्यातही अल्पसंख्याकांसाठी पांढरा पट्टा आहे. सगळ्यांना पटलं. फक्त डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "पांढरा झेंडा शरणागतीचा असतो. शरण कोण जातंय, तेवढं ठरवून घ्या." त्या प्रश्नात एक अख्खी बैठक गेली. शेवटी शरण मीच जावं असं ठरलं आणि काठी माझ्या हातात आली.

पण खरं युद्ध झालं ते वेळेवरून. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी वाघा सीमेवर १४ ऑगस्टच्या मध्यरात्री मेणबत्त्या लावण्याचा पायंडा पाडला. आपणही तिकडच्या मध्यरात्रीच्या मुहूर्तावर इथे मेणबत्त्या लावू, अशी माझी कल्पना. लंडनला उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं. त्यामुळे भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात होतात. पाकिस्तानचं घड्याळ भारताच्या अर्धा तास मागे. तिकडे बारा वाजतात तेव्हा इथे आठ. आता मध्यरात्र कोणाची धरायची?

बीबीजी म्हणाल्या, साडेसात. डॉक्टरसाहेब म्हणाले, आठ. कोणीतरी म्हणालं, १९४७ साली दोन्हीकडे एकच वेळ होती, तीच धरा. म्हणजे कोणती? साडेसात! त्यावर पाकिस्तानी बाजूने सभात्याग केला आणि खाली जाऊन चहा पिऊन परत आली. दोनदा लावू म्हटलं तर शहा म्हणाले, मेणबत्त्यांचा खर्च दुप्पट. सीमा आखायला आलेल्या रॅडक्लिफला पाच आठवडे मिळाले होते. आम्हाला अर्ध्या तासाची वाटणी करायला त्याहून जास्त लागले. अखेर माझा तोडगा मान्य झाला: पावणेआठ. त्या क्षणी भारतात मध्यरात्र उलटून पंधरा मिनिटं झालेली असतात आणि पाकिस्तानात व्हायला पंधरा मिनिटं बाकी असतात. जगात कुठेही कोणाचीही मध्यरात्र नसताना मेणबत्त्या लावणारी आमची एकमेव समिती असावी.

आणखी एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. ऑगस्टच्या मध्यावर लंडनला सूर्य मावळतो सव्वाआठनंतर.

इथल्या कायद्याप्रमाणे मोर्चा काढायचा तर पोलिसांना सहा दिवस आधी लेखी कळवावं लागतं. ते काम माझ्याकडे. माहिती भरताना अपेक्षित संख्येपाशी मी थबकलो. हिशेबनीस असूनही, किंवा असल्यामुळेच, पाचशे लिहिले. विरोध होण्याची शक्यता आहे का, असाही प्रश्न होता. डॉक्टरसाहेब खांद्यावरून डोकावत म्हणाले, "लिखिए: आपस में."

१४ ऑगस्टला ऑल्डविचला जमलो तेव्हा आम्ही विसाच्या आत होतो. त्यात दोन जण बीबीजींचे नातू. त्यांना 'पिझ्झा आहे' असं सांगून आणलं होतं. पाचशेंच्या तयारीने आलेले पोलीस अदबीने विचारत होते, बाकीचे कधी येणार? मी म्हणालो, "येत आहेत." तसे लोक आमच्याकडे वेळेवर येत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक असावं.

निघालो. पुढे मी, हातात उंच काठीवर पांढरा झेंडा. स्ट्रँडवर घोषणा दिल्या. त्या दोन भाषांत होत्या आणि दोन्ही गटांना आपली आधी द्यायची होती, त्यामुळे ऐकणाऱ्याला नुसताच गलका. ट्रॅफल्गर स्क्वेअरला वळणावर मागे पाहिलं आणि ऊर भरून आला. मोर्चा वाढला होता! तीस-चाळीस माणसं माझ्या मागून चालत होती, त्यात गोरे होते, आफ्रिकी होते, लहान मुलं होती. मी काठी आणखी उंच केली आणि चालता चालता भाषणच सुरू केलं, इंग्रजीत, दोन देशांच्या सामायिक वारशावर. लोक मन लावून ऐकत होते. फोटो काढत होते. मॉलवरून राजवाड्यापर्यंत आलो तेव्हा एका बाईंनी पुढे येऊन विचारलं, आतमध्ये जायचं तिकीट टूरच्या पैशात धरलं आहे ना?

त्यांची खरी गाइडबाई ट्रॅफल्गर स्क्वेअरला पांढरी छत्री उंच धरून त्यांना शोधत होती. ती मंडळी गेल्यावर मी आपला मोर्चा पाहिला. मागे कराचीसाहेब, आपा आणि एक पोलीस.

"बाकीचे?"

कराचीसाहेबांनी फोन दाखवला. शहांचा संदेश होता: 'ऑल्डविचहून ९ नंबरची बस थेट नाइट्सब्रिजला जाते. पुढे भेटू.'

लंडनच्या ९ नंबरच्या बसने एका उच्चायुक्तालयाच्या परिसरातून दुसऱ्याच्या परिसरात माणूस २०२५ मध्ये १ पौंड ७५ पेन्समध्ये जात असे. साठीवरच्या लंडनकरांना पास असतो, त्यांना तेवढेही पडत नाहीत. तिकडे दिल्ली-लाहोर बस १९९९ मध्ये वाजपेयींना घेऊन गेली. त्याच वर्षीच्या कारगिलच्या लढाईतही ती धावत राहिली, पुढे संसदेवरच्या हल्ल्यानंतर थांबली, २००३ मध्ये पुन्हा निघाली आणि २०१९ च्या ऑगस्टपासून उभी आहे. समझोता एक्स्प्रेस ही रेल्वेही तेव्हापासून उभीच आहे. ही सगळी आकडेवारी माझ्या भाषणात होती. श्रोते बसमध्ये होते.

शहांनी नंतर सांगितलं की बरोबर साडेसातला, बस हाइड पार्क कॉर्नरला अडकलेली असताना, भारतीय गटाने वरच्या मजल्यावर आपल्या मेणबत्त्या लावून घेतल्या. पाकिस्तानी गटाने निषेध म्हणून तोंड खिडकीकडे केलं. मेणबत्त्या बॅटरीच्या होत्या, म्हणून ड्रायव्हरची हरकत नव्हती.

इकडे माझ्या रक्तातली पालखी हाइड पार्कच्या कोपऱ्यावर थांबली. एका कठड्यावर बसलो. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. तेवढ्यात बाजूने स्वच्छ मराठीत आवाज आला, "भाऊ, साखर उतरली का तुमची? घ्या, हे खा."

आपा! हातात खजूर. मी खजूर खाल्ला, पण घास घशात अडकला तो मराठीमुळे. आपा औरंगाबादच्या. शाळेत मराठी शिकलेल्या, लग्न होऊन कराचीला गेल्या, मुलाबरोबर लंडनला आल्या. माझ्या साताऱ्याच्या हिंदीत केलेली उर्दू भाषणं त्यांनी टाके मोजत का ऐकली, हे मला त्या कठड्यावर समजलं.

म्हणाल्या, थोरली बहीण औरंगाबादला आहे. नवं नाव छत्रपती संभाजीनगर, तेही त्यांना ठाऊक होतं, कारण अर्जावर शहराचं नाव नीट लिहावं लागतं. पाकिस्तानी पारपत्रावर भारताचा व्हिसा शहरापुरता मिळतो, ज्या गावाचं नाव त्याच गावी जायचं, पोहोचल्यावर पोलिसांत नोंद करायची. पाकिस्तानचं नागरिकत्व सोडलं तरी पाकिस्तानी मूळ म्हणून ओसीआय, म्हणजे भारताचं परदेशस्थ नागरिकाचं कार्ड नाही, ई-व्हिसा नाही. मुलांना नाही, नातवंडांनाही नाही. आणि २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसेच बंद. हे सगळं त्या ताकाच्या भावाइतक्या साधेपणाने सांगत होत्या. समितीच्या पहिल्या बैठकीत माझ्या ओसीआय कार्डाच्या कामाला सहा आठवडे लागले म्हणून मी जो टाहो फोडला होता, तो मला आठवला. आपा तेव्हा समोरच बसल्या होत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमचं ते निवेदन मी वाचलं. नऊ पानं आहेत. त्यात मला बहिणीकडे जाता येईल असं कुठल्या पानावर आहे?"

नऊ पानांत दक्षिण आशियाचं भवितव्य होतं, अण्वस्त्रं होती, हवामानबदल होता, कबीर होता. काश्मीरवरचा परिच्छेद तडजोडीत इतका गुळगुळीत झाला होता की तो स्वित्झर्लंडबद्दल आहे असंही वाटावं. बहिणीकडे जाण्याबद्दल एक ओळ नव्हती. खरं तर ती ओळ सरकारांनीच एकदा लिहिली होती. सप्टेंबर २०१२ च्या व्हिसा करारात ६५ वर्षांवरच्या माणसांना अटारी-वाघ्याला पोहोचल्यावर तिथेच व्हिसा देण्याचं कलम होतं. मी सहनिमंत्रक, आणि ते मला नंतर कराचीसाहेबांनी सांगितलं.

लाउंड्स स्क्वेअरला पोहोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. साडेसातवाल्यांच्या मेणबत्त्या विझल्या होत्या, आठवाल्यांच्या लखलखीत उन्हात लागल्या आहेत की नाही हे हात लावूनही कळत नव्हतं आणि पावणेआठला कोणी काहीच केलं नव्हतं, कारण तो मुहूर्त फक्त माझा होता. समोसे संपले होते. कचेरी त्या वेळी बंद असणारच. निवेदन द्यायला कार्यालयीन वेळेत जावं, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. समूहफोटो निघाला. त्यात पांढरा झेंडा दिसतो, मी दिसत नाही. मी खाली बसून बूट काढत होतो.

समिती अजून आहे. घोषणा, बॅनर आणि मुहूर्त यांचं खातं आता डॉक्टरसाहेब आणि बीबीजींकडे आहे आणि ते दोघे त्यात सुखी आहेत. दोन देशांत शांतता आणायला मी नालायक आहे, हे सर्वानुमते ठरलं. एवढ्या एका ठरावावर मतदान घ्यावं लागलं नाही. मला अर्ज भरण्याचं काम दिलं आहे. शनिवारी कराचीसाहेब आणि मी जोडीने बसतो. ते भारतात जाऊ इच्छिणाऱ्यांचे कागद लावतात, मी पाकिस्तानात जाऊ इच्छिणाऱ्यांचे. दार उघडेल त्या दिवशी कागद तयार असावेत, एवढाच हेतू. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्याचा इथे उपयोग होतो.

त्या कागदांत एक असतो भारतातल्या नातेवाइकाच्या हमीपत्राचा. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही नि शिक्का लागतो. आपांच्या बहिणीने एकदा तो घेऊन बऱ्याच कचेऱ्या पालथ्या घातल्या. पाकिस्तान हा शब्द वाचला की साहेब जेवायला गेलेले असत. हा लेख वाचणाऱ्यांत कोणी राजपत्रित अधिकारी असतील, तर त्यांना माझी हात जोडून विनंती: व्हिसे पुन्हा सुरू होतील आणि एखादी म्हातारी तसा कागद घेऊन तुमच्या टेबलापुढे उभी राहील, तेव्हा कागद नीट तपासा, हवे तेवढे प्रश्न विचारा, पण सगळं बरोबर असेल तर जेवायला जाण्याआधी सही करा.